काकू हयात असल्याबाबत

सर, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुम्हाला काही लिहावं असं सुचलं नाही, कारण तुमच्यासमोर उभं राहिलं की माझं तोंड आपोआप बंद व्हायचं आणि ती सवय अजून गेलेली नाही. पण परवा काकू माझ्या दुकानात आल्या होत्या. वळसंगच्या स्टँडजवळ माझं ऑनलाइन कामांचं दुकान आहे. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, परीक्षेचे फॉर्म, सगळं निघतं. तुमच्या हाताखाली शिकलेली मुलगी त्याच्यावर घर चालवते, हेही या निमित्ताने तुम्हाला कळू दे.

परवा नोव्हेंबरचा शेवटचा दिवस होता. पेन्शन घेणाऱ्यांनी आपण हयात आहोत हे या महिन्यात सरकारला कळवायचं असतं, नाहीतर पेन्शन थांबते. तुमच्यामागे काकूंचं सगळं त्या पेन्शनवरच चाललंय. लेकापुढे हात पसरायचा नाही, हा त्यांचा बाणा. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये त्यांचा महिना गेला आणि शेवटच्या दिवशी दुपारी, एका डोळ्यावर हिरवी पट्टी लावून, त्या माझ्या दारात. मोबाईल चेहरा बघून दाखला देतो, पण पट्टीमुळे तो त्यांना ओळखेना. राहिलं बोटांचे ठसे घेणारं यंत्र. ते माझ्या जुन्या कॉम्प्युटरला जोडलेलं आहे. "मी जित्ती हाय हे आता मशीनीला पटवायचं व्हय?" म्हणत काकू स्टुलावर बसल्या, आणि बघते तर कॉम्प्युटरला नेटच नाही.

चूक माझीच. फुकट ते पौष्टिक म्हणून आदल्या दिवशी कॉम्प्युटर जोरात पळवणारं कुठलंसं सॉफ्टवेअर त्यात घातलं होतं. ते पटलं नाही म्हणून काढलं, आणि जाताना ते नेटच्या सेटिंगचा विचका करून गेलं. शेजारच्या दुकानात त्याच लाइनवर नेट चालू, माझ्या मोबाईलवर चालू, फक्त याचंच तोंड वाकडं. माऊसने दाबण्यासारखं होतं नव्हतं ते सगळं दाबून झालं. काकू अधूनमधून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होत्या. शेवटी ती काळी खिडकी उघडली, जिच्यात चित्र नाही की बटण नाही, आपण हुकूम लिहायचा आणि एंटर मारायचं. आणि सर, मला तुमची शिट्टी आठवली.

शाळेत तीन कॉम्प्युटर येतात. प्रशिक्षणाला जायला एकही शिक्षक तयार होत नाही, म्हणून ड्रिलच्या सरांना, म्हणजे तुम्हालाच, पाठवतात. दहा दिवसांनी तुम्ही परत येता आणि कॉम्प्युटरही ड्रिलसारखाच शिकवता. चपला दाराबाहेर रांगेत, आत एकेका कीबोर्डपुढे तिघीतिघी. तुम्ही हुकूम सांगायचा, आम्ही एकेक अक्षर दाबायचं, पण एंटर शिट्टीवर. कुणाचं चुकलं की "जैसे थे", आणि सगळ्यांचे हात मांडीवर. मी दीडशहाणी. एकदा शिट्टीआधीच मनचा हुकूम ठोकला आणि वर्गाने महिनाभर टाइप केलेल्या फायली पुसून टाकल्या. तुम्ही मारलं नाहीत. एवढंच म्हणालात, "माघारी कसं यायचं ते ठाऊक नसताना पुढं पाऊल टाकायचं न्हाय." मग आठवडाभर शाळा सुटल्यावर त्या सगळ्या फायली माझ्याकडून परत टाइप करून घेतल्यात. तेव्हा मी तुम्हाला मनातल्या मनात खूप शिव्या दिल्या. आज माझी बोटं चालतात ती त्या आठवड्यामुळे.

म्हणून परवा आधी वही घेतली. नेटवाल्याने या कॉम्प्युटरला आकड्यांचा एक ठरावीक पत्ता दिलेला आहे, तो आणि त्याच्याखालचे आकडे उतरवून घेतले. मग नेटची सेटिंग मूळपदावर आणणारा हुकूम लिहिला, नेटश विनसॉक रिसेट. उत्तर आलं की तुम्हाला तेवढा अधिकार नाही. हे मी सासरी पुष्कळदा ऐकलेलं असल्यामुळे डगमगले नाही. खिडकी बंद केली, ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून परत उघडली, हुकूम पुन्हा लिहिला, एकदा वाचला, आणि एंटर. या वेळी मशीनने ऐकलं. मग तसाच दुसरा हुकूम, आयपी रिसेटचा. आता कॉम्प्युटर बंद करून परत चालू करायचा होता, आणि आमचा हा म्हातारा उठायला आठ-दहा मिनिटं घेतो.

तेवढ्या वेळात काकूंनी तुमचं बिंग फोडलं. घरी कॉम्प्युटर नव्हता म्हणून तुम्ही स्वयंपाकघरातल्या शहाबादी फरशीवर खडूने अख्खा कीबोर्ड काढायचात आणि पहाटे मांडी घालून त्या दिवशीचा धडा बोटाने गिरवत बसायचात. काकू तिथेच भाकरी थापत असायच्या. पिठाच्या डब्याकडे जायचं तर त्यांना अक्षरांवरून पाय टाकावा लागायचा, आणि तुम्ही ओरडायचात, एंटरवर पाय देऊ नको म्हणून. "त्यांना कुटं काय येत होतं," काकू म्हणाल्या, "तुमच्या फकस्त एक दिस म्होरं असायचे." मी इतकी हसले की शेजारचा दुकानदार डोकावून गेला. आम्हाला वाटायचं तुम्ही आईच्या पोटातूनच शिकून आलाय. सर, हे कळल्यावर तुम्ही मला आधीपेक्षा जास्त आवडायला लागलात.

कॉम्प्युटर उठला, पण नेट नाही. रिसेटने तो ठरावीक पत्ताही पुसून टाकला होता. वहीतले आकडे एकेक करून भरले आणि नेट आलं. यंत्राने काकूंचे दोन्ही अंगठे नाकारले. जन्मभर भाकऱ्या थापून आणि भांडी घासून ठसे झिजलेत. त्यांनी बोटं पदराला पुसली, परत ठेवली. डाव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटाला यंत्र हो म्हणालं. पाच वाजायच्या आत दाखला निघाला, आणि या वयात मी दुकानात उभी राहून टाळ्या वाजवल्या.

काकूंनी कागद एका डोळ्याने वरपासून खालपर्यंत वाचला आणि घडी घालून पिशवीत ठेवला. "सरकारला कळलं न्हवं, मी हाय म्हणून?" कळलं, मी म्हणाले. "मग तेवढं त्यांनाबी कळव की. बारा वरसं वाट बघत बसले असतील. म्हणावं, इतक्यात येत न्हाय." आणि तोंडाला पदर लावून हसत हसत त्या पायऱ्या उतरून गेल्या.

काल बाजारात भेटल्या. मेथीची जुडी हातात धरूनच त्यांनी विचारलं, कळवलंस का. मी म्हणाले, कळवलं, काकू. सर, तोवर यातली एक ओळही मी लिहिलेली नव्हती, आणि आता लिहून झालंय तरी हे दुकानाच्या खणातच राहणार आहे.