साबुदाण्याएवढे खडे

आई, आज गुरुवार, आणि मी सकाळी पोटभर पोहे खाल्ले. एवढंच तुला सांगायचं म्हणून लिहायला बसलो, तू जाऊन वीस वर्षं होत आली तरी.

धायरीचं आपलं स्वयंपाकघर मला अजून दिसतं, कधीकधी जागेपणीही. खिडकीबाहेर विकलेलं आपलं वावर, त्यात मजल्यामजल्याने चढणारी इमारत, आणि आत कढईवर वाफ. तुझा पांढरा साबुदाणा हळूहळू काचेसारखा होत चाललेला. मला आयटीत नोकरी लागावी म्हणून तू गुरुवार धरलास. नोकरी लागल्यावर अमेरिकेच्या व्हिसासाठी सोमवार आणि शनिवारही. दिवस चहावर काढायचीस आणि संध्याकाळी तुपातली, दाण्याच्या कुटाची खिचडी खायचीस. तासाभरात उजव्या बरगडीखाली कळ उठायची, पार खांद्यापर्यंत. तू ओटा धरून उभी आहेस. "पित्त खवळलंय, दुसरं काय," म्हणतेस आणि गार दूध पितेस.

शेवटी सोनोग्राफी झाली. डॉक्टर म्हणाले, "पित्ताशयात साबुदाण्याएवढे खडे आहेत. पोट फार वेळ रिकामं राहिलं की पित्त तिथंच साचतं. उपास बंद, तूप-तेल बेताचं, जेवण वेळेवर. आणि ऑपरेशन लांबवू नका."

"पोराचं अमेरिकेचं हुंद्या, मग सोडते की उपास."

"मावशी, व्हिसा अमेरिका देते. पित्ताशय नाही."

मी हसलो. परत येताना स्कूटरवर माझ्या खांद्यावर तुझा हात होता. सिंहगड रस्त्याला तू विचारलंस, "तुला काय वाटतं रं? सोडू का?" मी म्हणालो, "तुझी श्रद्धा आहे, मी काय सांगणार?" पुढच्या गुरुवारी तू पुन्हा साबुदाणा भिजवलास.

व्हिसा आला. मी गेलो. मी परत येईपर्यंत तू ऑपरेशन लांबवलंस. मग एके दिवशी ताप भरला, डोळे पिवळे झाले. पित्ताशयात पू झाला होता. मी विमानतळावर उतरलो तेव्हा सगळे घरी माझी वाट बघत होते, तू सोडून.

गेल्या वर्षी तुझ्या नातीने परदेशात शिकायला अर्ज केला आणि दर गुरुवारी मला सकाळी भूक लागेनाशी झाली. बायकोने बरोबर ओळखलं. "इंजिनिअर ना तुम्ही?" एवढंच म्हणाली. मग तीच कळ, तीच बरगडी. सोमवारी माझं ऑपरेशन आहे. मुलीच्या अर्जाचा निकाल अजून यायचाय, तरी आज खाल्लं. पहिला घास दोनदा ताटलीत परत ठेवला होता, खोटं कशाला बोलू.

हे पत्र सोनोग्राफीच्या फाइलीतच राहील. पण त्या दिवशी स्कूटरवर मी तुझ्या श्रद्धेचा मान वगैरे राखला नव्हता, आई. तू उपास सोडलास आणि माझा व्हिसा अडकला तर, याची मला भीती वाटली होती.