आठ गुणांची तयारी

३ मार्च, सोमवार. सकाळ.
दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंनी ही वही दिली. रोज मनातली चिंता लिहून काढा म्हणाल्या. मला चिंता नाही. त्यामुळे काय लिहावं हाच प्रश्न आहे.

तरी नोंद असावी म्हणून लिहितो. मी लिफ्ट मेकॅनिक. सहा वर्षांपूर्वी एका इमारतीत दार उघडलं आणि लिफ्ट समोर आहे असं समजून पाय आत टाकला. लिफ्ट वर होती. असं करू नका, हे मीच अठरा वर्षं लोकांना सांगत होतो. दीड मजला खाली गेलो. उजवा खुबा गेला, त्याखालचा पाय नावाला राहिला. तेव्हापासून एक कुबडी, कंपनीत अर्धा दिवस फोनवर तक्रारी घेण्याचं काम, आणि दरमहा अपंग भत्ता. भत्त्यातून ऑफिसची टॅक्सी सुटते. टॅक्सी गेली तर नोकरी गेली. नोकरी गेली तर दिवसभर घरात मी आणि समोरची भिंत.

आता सरकार म्हणतंय, भत्त्याचे नियम बदलायचे. नुसता प्रस्ताव आहे. मी शांत आहे.

३ मार्च. संध्याकाळ.
आज बातम्या अकरा वेळा पाहिल्या. फोनची बॅटरी किती टिकते ते बघायला.

५ मार्च.
समोरच्या दारातले रिटायर्ड हेडक्लार्क आले. आख्खी बिल्डिंग त्यांना 'ब्रेकिंग न्यूज' म्हणते. दोन्ही कानांनी जवळजवळ ठार बहिरे, त्यांनाही भत्ता आहे. बातम्या ऐकू येत नाहीत, म्हणून फक्त सांगतात. त्यांच्या मते सगळ्यांची पुन्हा तपासणी होणार, आणि पास व्हायला सध्या आठ गुण लागतात ते बारा होणार. हे त्यांनी इतक्या मोठ्याने सांगितलं की खालच्या मजल्यावरून कोणीतरी 'कधीपासून?' विचारलं.

संकल्प: आजपासून बातम्या बंद.

५ मार्च. दुपार.
संकल्पात दुरुस्ती. हेडलाइन्स चालतील.

८ मार्च, शनिवार.
गुणांचा तक्ता वेबसाइटवरून काढला. गंमतच आहे. जे येत नाही त्याचे गुण. जिना चढता येत नाही, दोन गुण. वाकता येत नाही, दोन गुण. शाळेत ही पद्धत असती तर मी पहिला आलो असतो.

स्वतःची तपासणी स्वतःच केली. आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. (यावर करायचे ते सगळे विनोद सहा वर्षांत करून झालेत.) तीन मजले चढलो. चौदा मिनिटं. प्रत्येक वळणावर बसलो, पण ते दमून नव्हे, भिंतीचा रंग बघायला. रंग फारच उडालाय. एकूण गुण: चार.

हिने तोच तक्ता माझ्यासाठी भरला. एकवीस. हिने आंघोळ धरली, मोजे धरले, बूट धरले, झोपेत कूस बदलून देणं धरलं. मोजे ती घालून देते हे खरं, पण ते हौसेने. लाँड्रीत दिवसभर इस्त्री करणाऱ्या बाईला सगळीकडे सुरकुत्याच दिसतात.

११ मार्च.
सापडलं. वेबसाइटच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत. नवे नियम यायच्या आधी जो स्वतःहून तपासणीला जाईल, त्याचा निकाल आठ गुणांवर लागेल आणि पाच वर्षं कोणी हात लावणार नाही. सगळे घाबरून बसलेत, आणि मी सरळ दारातून आत. याला म्हणतात डोकं.

हिला सांगितलं. ती म्हणाली, थांबा जरा, अजून काही ठरलं नाहीये. ब्रेकिंग न्यूजना कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवलं. तेही थांबा म्हणाले, शिवाय त्यांचा चष्मा सापडत नाहीये, तो सापडला की अर्जाचं बघू म्हणाले. घाबरट माणसांची एक गंमत असते, ती काहीच करत नाहीत.

अर्ज पाठवला. तारीख मिळाली: २५.

१४ मार्च.
चाराचे आठ करायचे म्हणजे सराव हवा. आरशासमोर लंगडून पाहिलं. पटत नव्हतं. थोडं जास्त लंगडलो, तर ते खोटं वाटायला लागलं. तेवढ्यात ही कपड्यांची चळत घेऊन आली आणि दारात थांबून बघत राहिली.

"अहो, लंगडे आहातच. सराव कसला करताय?"

बायकांना तयारीचं महत्त्व कळत नाही.

१८ मार्च.
खालची दाढ टवकली. झोपेत दात करकर वाजतात असं हिचं म्हणणं. दाताचा डॉक्टर म्हणाला, कसली काळजी आहे का? मी म्हटलं, छे. त्याने रात्री दातांवर घालायला प्लास्टिकचं कवच दिलं. मला वाटतं त्याचा खप कमी असावा.

ऑफिसात एका बाईंचा फोन आला, लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये लटकलीय. घाबरू नका, मी आहे, असं मी त्यांना पाऊण तास सांगत होतो. फोन ठेवल्यावर माझाच शर्ट घामाने चिंब. एसी बिघडला असावा.

२४ मार्च.
उद्याचं धोरण पक्कं. जुना शर्ट घालायचा. दाढी नाही. कमी बोलायचं, मध्येच डोळे मिटून श्वास सोडायचा. ही म्हणते, नाटक नको, फक्त खरं सांगा. न्हाणीघरात मी तुम्हाला कसं धरते ते सांगा. परक्या माणसाला हे सांगायचं? माझी काही पत आहे की नाही.

२५ मार्च, मंगळवार. रात्रीचं जेवण झाल्यावर.
दिवस भलताच छान गेला.

सकाळी दाढी केली. न करता बाहेर पडवेना. हिने इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला होता, तोच घातला. तपासणीचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर. खाली लिफ्टपाशी गर्दी. दार मिटत होतं आणि परत उघडत होतं, मिटत होतं आणि उघडत होतं. दोन व्हीलचेअरवाले, पांढरी काठी घेतलेल्या एक आजी, आणि हातात फायली घेऊन घामाघूम झालेल्या एक बाई. तपासणी घेणाऱ्या बाई त्याच, हे वर गेल्यावर कळलं. वॉचमन लिफ्ट कंपनीला फोन लावत होता. कोणी उचलत नव्हतं. लिफ्ट आमच्याच कंपनीची. फोन उचलणारा मी, आणि मी रजेवर.

आता असं दार उघडमिट करताना मला बघवत नाही. हिच्या केसातली पिन घेतली, कुबडी भिंतीला टेकवली आणि गुडघ्यावर बसलो. दाराखालच्या खाचेत खडा अडकला होता. पिनेने काढला, सेन्सरची काच रुमालाने पुसली. दार लोण्यासारखं मिटलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सहा वर्षांत माझ्यासाठी कोणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. तपासणीच्या बाईंनी माझं नाव विचारलं, आभार मानले आणि त्या वर गेल्या.

नंतर नऊ मिनिटं मी तिथेच बसून होतो. खाच नीट न्याहाळत. मग एका काखेतून हिने आणि दुसऱ्या काखेतून वॉचमनने मला उभं केलं.

मुलाखत तर रंगलीच. बाई फार अदबशीर. जिना चढता का? म्हटलं, रोज तीन मजले. मोजे, बूट? म्हटलं, एवढा घोडा झालोय. हिने काही बोलायला तोंड उघडलं, पण बाई म्हणाल्या, उत्तरं अर्जदारानेच द्यायची. टेबलाखालून हिने मला लाथा मारल्या असं ती नंतर म्हणाली. उजव्या पायावर मारल्या होत्या, मला काय कळणार.

शेवटी बाईंनी विचारलं, "रोजच्या कामांत कुणाची मदत लागते?"

"मला?" मी म्हटलं. "आत्ता खाली मदत कोणी केली कोणाला?"

बाई हसल्या. त्यांनी सगळं लिहून घेतलं.

टॅक्सीत हिने तो एकवीस गुणांचा तक्ता पर्समधून काढला आणि त्याच्या घड्या घालत राहिली. मी एवढा चमकलो की त्याची गरजच उरली नाही.

२६ मार्च.
इम्प्रेशन झकास पडलंय. दहा तरी मिळतील. खुबा आणि पाठ काल गुडघ्यावर बसल्यामुळे धरलीय, म्हणून पडून लिहितोय.

४ एप्रिल.
ब्रेकिंग न्यूजनी दार बडवलं. सरकारने प्रस्ताव मागे घेतला. पुन्हा तपासणी नाही, बारा गुण नाहीत, ज्यांना भत्ता आहे त्यांचा आहे तसा चालू. त्यांचा चष्मा अजून सापडलेला नाही, त्यामुळे त्यांनी महिनाभर काहीच केलं नाही, आणि आता ते जिन्यात नाचत होते. मी म्हटलं, मी तर कधीच घाबरलो नव्हतो. त्यांना ऐकू गेलं नाही.

हिने विचारलं, मग तुमच्या तपासणीचं काय? वेबसाइटवर पाहिलं. स्वतःहून दिलेल्या तपासण्यांचे निकाल लागू राहतील. उत्तमच. मी पास आहे.

९ एप्रिल.
पत्र आलं.

शून्य.

आठपैकी नव्हे, सगळ्या तक्त्यात मिळून शून्य. कारणं खाली टाइप केलीत. अर्जदार गुडघे टेकून बारीक काम करू शकतात. रोज तीन मजले चढतात. स्वच्छता व पेहराव उत्तम. मदत लागत नाही, उलट इतरांना मदत करतात. पुढच्या महिन्यापासून भत्ता बंद. शेवटी पुढील आयुष्यासाठी शुभेच्छा.

सहा वर्षांत माझ्याबद्दल इतकं चांगलं कोणी लिहिलं नव्हतं.

हिने पत्र दोनदा वाचलं आणि इस्त्री चालू केली. घरात इस्त्री करायला काही नव्हतं.

१० एप्रिल.
टॅक्सीवाल्याला सांगितलं, महिनाअखेरपर्यंतच ये. तो का म्हणाला. मी म्हटलं, चालायची सवय करतोय. तो आरशातून बघत राहिला. ऑफिसात साहेबांना सांगायचं धाडस झालं नाही. तीन फोन आले, तिन्ही लोकांचा मी चुकीचा पत्ता लिहून घेतला.

भीती वाटते. हा शब्द या वहीत पहिल्यांदा लिहिला. पहिल्या पानापासून वाटतेय.

१३ एप्रिल, रविवार.
अपिलाचा फॉर्म. शेवटची तारीख शुक्रवार. म्हटलं, तू भर, तुझं अक्षर चांगलं आहे. ती म्हणाली, अर्जदाराच्या हस्ताक्षरात हवा असं लिहिलंय. नाव, वय, पत्ता लगेच झालं.

पुढे प्रश्न: रोज कोणती कामं तुम्हाला एकट्याने करता येत नाहीत? स्वतःच्या शब्दांत लिहा. खाली चार ओळी. जागा अपुरी पडल्यास वेगळा कागद जोडावा.

तासभर बसलो. पेन दोनदा बदललं. चहा दोनदा झाला. ही समोर बसून राहिली.

मग लिहिलं: मोजे.

मग आंघोळ. मग लिहिलं की कूस बदलताना हिला उठवावं लागतं, आणि ती उठते, आणि सकाळी सहाला कामाला जाते. जमिनीवर बसलो तर उठता येत नाही. जिन्यात चार वेळा बसावं लागतं, रंग बघायला नाही. चार ओळी इथेच संपल्या आणि कागदावरच्या दिवसात अजून सकाळचे नऊसुद्धा वाजले नव्हते.

हिला म्हटलं, एक कागद दे.

हिने तीन आणून दिले.