चार म्हाताऱ्यांची चाळीस मतं

गुन्सान, छुसोकचा सण तोंडावर

ती. मल-सुनताईस,

बोंग-रेचा वाकून नमस्कार. बुसानची हवा तुझ्या गुडघ्यांना मानवली का? सूनबाई सुपात मीठ घालू देते का? (नसेल देत तर गुपचूप घाल.) मी बरी आहे. आपली खानावळ बरी नाही. तू मुलाकडे गेलीस आणि गिऱ्हाईक निम्म्यावर आलं. सणाआधी घरमालकाला सांगायचं आहे, चालवणार की बंद करणार.

म्हणून मी नगरपालिकेच्या दुकानदारांच्या वर्गात नाव घातलं. तिथले नामगुंग सर (वयाने माझ्या धाकट्याएवढे, पण सर ते सर) म्हणाले, काकू, मनाने ठरवू नका, तपासून ठरवा. मी दोन पातेली चढवली. एकात तुझं सुक्या मासळीचं सूप, दुसऱ्यात तू गेल्यापासून मी करते ते गोमांसाचं. वाडग्यांवर नावं नाहीत, फक्त ठिपके, तुझ्यावर लाल, माझ्यावर निळा. चाळीस जणांनी चव घेतली आणि जवळजवळ सगळ्यांनी तुझं निवडलं. मला आनंद झाला आणि रागही आला. सर पाहायला आले तेव्हा निवृत्त हेडमास्तर आपला गोतावळा घेऊन बसले होते. ते म्हणाले, "मला लाल." लगेच सगळं टेबल म्हणालं, "आम्हालाही लालच." चारही टेबलांवर असंच झालं होतं; थोरल्याने सांगितल्यावर धाकटा दुसरं मागेल कसा? हे मला कधी खटकलंच नव्हतं. सरांनी कपाळाला हात लावला. "काकू, ही चाळीस मतं नाहीत, चार म्हाताऱ्यांची चार मतं आहेत."

मग मी एकेकाला वेगळं बसवून, समोर उभं राहून विचारलं. सगळे माझ्या तोंडाकडे बघून म्हणाले, दोन्ही छान. सरांनी तेही रद्द केलं. मग विचारलं, गिऱ्हाईक घटलं तेव्हा सुपाखेरीज आणखी काय बदललं होतं? मी पातेलं घासत राहिले. तू गिऱ्हाइकांवर खेकसायचीस, "आधी गीळ, मग बोल," ते त्यांना आवडायचं. मीही एका गिऱ्हाइकावर खेकसून पाहिलं. तो बिचारा माफी मागून न जेवता गेला.

तुझी,
बोंग-रे

ता. क. कारण सूप की तू, हे कळायला काही दिवस तू खानावळीत हवीस आणि काही दिवस नकोस. तू नसलेले दिवस भरपूर जमलेत. पुढचा दिवस कसा, हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं असतं. मी टाकल्या. 'ताई हवी' निघालं. सरांनी बाकीच्या उघडल्या तर सगळ्यांवर तेच. म्हणाले, काकू, याला प्रयोग म्हणत नाहीत.

ता. क. २. बंद करायचं ठरलं तरी ये. दुपारी भांडी घासताना मी अजून तुझ्याशी बोलते. शेवटचं शटर मला एकटीला ओढवणार नाही.