आईच्या खोलीतलं वायफाय

१ नोव्हेंबर, शुक्रवार
नमाजानंतर नेहमीप्रमाणे कॅनडाहून धाकट्या भावाचा, हातिमचा व्हिडिओ कॉल. आई नेहमीप्रमाणे पॅसेजमध्ये, चपलांच्या कपाटाशेजारी, स्टुलावर. अलेक्झांड्रियातल्या या जुन्या भिंती इतक्या जाड, की दिवाणखान्यातलं नेट तिच्या मागच्या खोलीपर्यंत पोचतच नाही. आज हातिमचा चेहरा मध्येच गोठला. आई त्या गोठलेल्या चेहऱ्याशी बराच वेळ बोलत होती. नंतर म्हणाली, आज पोरगं किती शांतपणे ऐकत होतं! नात चालायला लागलीय, ती दिसलीच नाही.
फार वाईट वाटलं. पुढच्या शुक्रवारी आई पलंगावर बसून नातीला बघेल. विषय संपला. माणूस बोलवायची गरज नाही. मी जन्मभर टेलिफोन खात्यात होतो. हिशेब विभागात, पण खातं टेलिफोनचंच ना!

३ नोव्हेंबर
योजना तयार. चुलतभावाचा जुना राउटर फुकट मिळाला. केबल आणली. दिवाणखान्यापासून आईच्या खोलीपर्यंत केबल, टोकाला राउटर. स्वस्त आणि मस्त. फक्त भिंतीला भोक पाडायला ड्रिल नाही. खालच्या मजल्यावरच्या उस्ताद बहगतांकडे आहे.

३ नोव्हेंबर, संध्याकाळ
ड्रिल मागायला गेलो. चहा झाला. बहगत म्हणाले, आमचं नेट कधीचं बंद आहे. मी म्हणालो, अहो, माझं नेट ते तुमचंच, खुशाल घ्या! आता असं म्हणायचंच असतं. आपण म्हणायचं घ्या, समोरच्याने म्हणायचं छे छे, तुमची बरकत होवो. टॅक्सीवालासुद्धा म्हणतो, भाडं राहू द्या साहेब. म्हणून कोणी तसंच उतरून जातं का?
बहगत म्हणाले, बरं, वायर कुठून घेऊ?
शब्द मागे घेणं शक्यच नव्हतं. ते ड्रिल घेऊन वर आले, भिंतीला भोक पाडलं आणि मधल्या चौकातून केबल थेट त्यांच्या घरात सोडली. माझीच केबल. हात मात्र सफाईदार.
आईसाठी उद्या दुसरी आणतो.

५ नोव्हेंबर
पाऊस. केबल आणायची राहिली. इनास म्हणाली, वा रे नवरोबा! शेजाऱ्याला नेट आणि जन्मदात्या आईला स्टूल! बायकांना तांत्रिक अडचणी कळत नाहीत. पण रात्री मन खात होतं.

८ नोव्हेंबर, शुक्रवार
कॉल लागलाच नाही. महिन्याचं पॅकेज आठवड्यातच खलास. बहगतांची पोरं दिवसभर फुटबॉल बघतात. (मीही थोडं पाहिलं. फक्त गोल.) आई स्टुलावर फोन धरून बसून राहिली. मी म्हणालो, दोष आपला नाही, कॅनडात थंडी फार, तारा गोठतात. तिने लगेच कॅनडासाठी दुआ मागितली.
लाज वाटली. घास गिळवेना. मासळी चांगली होती म्हणून संपवली. मग पॅकेज पुन्हा भरलं.

१२ नोव्हेंबर
मोठी प्रगती! राउटर आईच्या कपाटावर बसवला. हिरवे दिवे लागले. आईच्या फोनवर वायफायच्या सगळ्या रेघा भरलेल्या. केबल अजून यायचीय, त्यामुळे आत नेट असं नाही. पण रेघा भरल्यात. आईने कपाळाचा मुका घेतला, माझा इंजिनिअर म्हणाली. नेटचं तेवढं सांगायला तोंड उघडलं होतं. इनास बघत होती. मिटलं.

१४ नोव्हेंबर
आज सोक्षमोक्ष. आरशासमोर सराव केला: उस्ताद बहगत, माफ करा, केबल परत हवी. मग खाली गेलो. भात भरून गुंडाळलेल्या द्राक्षाच्या पानांचं, महशीचं ताट घेऊन परत आलो.
खाल्ल्या मिठाला जागलं पाहिजे. पण आई? तिला मी काय तोंड दाखवू?

१५ नोव्हेंबर, शुक्रवार
नमाजाहून आलो तर पलंगावर आई नाही. स्टूल रिकामं. चपला नाहीत. जीव घाबरा झाला. इनास म्हणाली, खाली बघ.
आई बहगतांच्या सोफ्यावर, पायाखाली उशी. त्यांनी नवीन राउटर घेतलाय; माझ्याच केबलवर माझंच नेट घरभर खेळवलंय. फोनवर हातिम लख्ख, कानशिलांवरचे पिकलेले केससुद्धा दिसत होते. नात दोन्ही हात पसरून धडपडत चालत होती. आई हसत होती आणि रडतही होती.
बहगतांनी हळूच सांगितलं, सकाळी तुमच्या आईंची चौकशी करायला वर गेलो होतो, तर फोन हलवून हलवून बघत होत्या. मी म्हटलं, आमचं घर ते तुमचंच. त्या म्हणाल्या, बरं, चला.
तेवढ्यात हातिमला मी दिसलो. म्हणाला, दादा, आईला नेट बसवून दिलंस ना? काय स्वच्छ दिसतंय!
आईच म्हणाली, हो तर, रिफातनेच दिलंय.
जिना चढताना ती गुडघा धरून पायरीपायरीवर थांबत होती. मी हात दिला. माफी मागायचं ठरवलं होतं, पण तोंडातून निघालं ते, उद्या केबल आणतो. ती पुढची पायरी चढली.
खोलीत आल्यावर म्हणाली, बाळा, ती पेटी बंद कर आता. दिवे डोळ्यांवर येतात, झोप लागत नाही.