मॅनेजर मी होणार नाही

१२ ऑक्टो.
सकाळी प्रॅक्टिस संपल्यावर पल्लवीनं सगळ्यांना रिंकच्या कट्ट्यावर बसवलं. म्हणाली, मागच्या जानेवारीत हिमाचलला बर्फावरच्या हॉकीत आपण एकही मॅच जिंकलो नाही, आता टीम मुळापासून नवी बांधायची. वेगवान, लहान पोरी. दोन-तीन वर्षांचा विचार करून.

मग मला बाजूला घेतलं. "ताई, तुम्ही मॅनेजर व्हा ना. तुमच्याशिवाय आपलं कसं चालंन?"

मॅनेजर म्हणजे पाण्याच्या बाटल्या, रेल्वेची तिकिटं आणि फोटोत कडेला.

हिला चाकांवर उभं राहायला मी शिकवलं. माझ्या ओढणीला धरून रिंकभर फिरायची. आता कोच आहे. चांगली कोच आहे, तेच तर डोक्यात जातं.

म्हटलं, "मॅनेजर मी होणार नाही. डिफेन्सला खेळणार."

"ताई, एकोणचाळीस..."

"माहीत आहे मले. माझंच आधारकार्ड आहे ते."

१५ ऑक्टो.
पहिली शिफ्ट. हुडकेश्वरहून हिंगण्यापर्यंत बसमध्ये डावा गुडघा आखडला. उतरताना दांडा धरावा लागला. कोणी पाहिलं नाही. दिवसभर कंपनीत उभ्यानं माल तपासला. कोणाला काही म्हटलं नाही.

१९ ऑक्टो.
धंतोली. डॉक्टरांच्या वेटिंगमध्ये सगळे माझ्या सासऱ्यांच्या वयाचे. एका आजींनी विचारलं, "बाई, तुमचं काय पडल्यामुळं झालं का?" म्हटलं, "पडूनच तर एवढी मोठी झाली."

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला. आतली गादी झिजली आहे. जिने कमी चढा.

"जिने सोडते. हॉकीचं सांगा."

ते हसले आणि दिनेशकडे पाहिलं. बाईचा गुडघा असला तरी बोलायचं नवऱ्याशी. "यांना जरा समजावा."

दिनेश म्हणाला, "तुम्हीच पाहा साहेब सांगून. मी थकलो."

मग मात्र नीट बोलले. मांडीचा स्नायू मजबूत केला तर काही काळ चालेल. पण आतलं काही फाटलं तर ऑपरेशन, आणि मग खेळ कायमचा बंद. कंपनीत उभं राहायचं कामही कठीण होईल.

येताना दिनेशनं गाडी काढली. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा म्हणाला, "फाटलं तर स्वयंपाक मी करीन. पण तुह्यं कण्हणं ऐकणार नाही. आत्ताच सांगून ठेवतो."

म्हणजे हो.

२ नोव्हें.
ट्रायल. लिहावंसं वाटत नाही, तरी लिहिते.

ऋतुजा नावाची एक पोरगी आली आहे, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. आली म्हणजे काय, उडते. पहिल्यांदा माझ्या डावीकडून गेली, वाटलं नशीब. दुसऱ्यांदा उजवीकडून गेली. तिसऱ्यांदा मी आधीच मागे सरकली, तर तिनं पक, ती रबराची चकती, माझ्या दोन पायांमधून काढला आणि वळसा घालून पुन्हा घेतला. कट्ट्यावरच्या पोरी ओरडल्या. मी पण ओरडली असती, जर त्या जागी दुसरी कोणी असती.

नंतर येऊन पाया पडली. आणखीच राग आला.

३ नोव्हें.
ग्रुपवर यादी आली. माझं नाव नाही. मंजूचं पण नाही. इतकी वर्षं गोल तिनं सांभाळला, सगळे फटके अंगावर घेतले.

नाही कसं, आहे. सगळ्यात खाली. 'मॅनेजर - शुभांगीताई' आणि पुढे हात जोडलेले.

ग्रुप सोडला.

५ नोव्हें.
मंजू घरी आली. शाळेतून थेट, हातात पेपरांचा गठ्ठा. मला वाटलं रडेल. ती तर कोथिंबिरीची सांबारवडी खात खात म्हणते, "शुभे, पल्लवीच्या टीमले प्रॅक्टिस मॅच लागतीन का नाई?"

"लागतीनच."

"मंग आपण देऊ. जेवढ्या काढल्या तेवढ्या सगळ्या."

मी तिच्याकडे पाहत राहिली. ही बाई पस्तिशीची आहे, दोन मुलांची आई आहे आणि तोंडाला चटणी लागली आहे. इतकी खतरनाक मला ती कधीच वाटली नव्हती.

९ नोव्हें.
सात जणी जमल्या. एक बँकेतली, एक नुकतीच बाळंतपणातून उठलेली. तिची सासू बाळाला घेऊन कट्ट्यावर बसली आणि सुनेला ओरडून सांगत होती, "त्या बाईले जाऊ कायले देऊन राहिली वं!" प्रशिक्षकाची सोय झाली.

पल्लवीच्या पोरी दुसऱ्या टोकाला. कोणी कोणाशी बोललं नाही. रिंक सगळ्यांचा आहे.

२१ नोव्हें.
टीव्हीसमोर पायाला वाळूची पिशवी बांधून पाय वर, खाली. मालिकेतली सून रडते, मी पाय उचलते. मांडी थरथरते. सकाळी जिना दुखला नाही. डॉक्टरांना सांगणार नाही, चढली म्हणून रागावतील.

१४ डिसें.
मॅच.

विधिमंडळाच्या अधिवेशनामुळे अर्धे रस्ते बंद, बँकवाली उशिरा पोचली. तोवर आम्ही एक कमी. तरी पहिल्या भागात ३-१ आम्ही पुढे. त्या पोरी पकमागे धावत होत्या. आम्ही पक जिथं येणार तिथं उभ्या होतो. बस, एवढंच.

तिसऱ्या भागात पाय संपले. लपवून काय करू. श्वास पुरेना, तोंडात लोखंडाची चव. ऋतुजानं दोन गोल केले, एक माझ्यासमोरून. चौथ्यांदा आली तेव्हा मी तिच्या डोळ्यांकडे पाहिलंच नाही, काठीकडे पाहिलं नाही, फक्त कंबर पाहिली. कंबर खोटं बोलत नाही. रिंकच्या कडेच्या फळीपाशी दाबली आणि पक काढून घेतला. ती म्हणाली, "आँ?"

हारलो. ५-४.

पल्लवी म्हणाली, "हारल्या ना ताई."

"हारलो. तू आम्हाले काढून फक्त एका गोलानं जिंकली, हे पण लिहून घे."

१५ डिसें.
पल्लवीनं मंजूला परत घेतलं. फक्त मंजूला.

मंजूचा फोन आला तेव्हा म्हटलं, लय आनंद झाला. स्वतःशी खोटं कशाला बोलू. भांडी आपटून घासली, भाताचा गंज तर दोनदा. दिनेश दारात उभा राहून म्हणाला, "गंजाचा काय गुन्हा?"

संध्याकाळी मंजू पुन्हा म्हणाली, तू नसशीन तर मीबी नाई जात. तिला झापलं. "नाई गेली तर तोंड नको दाखवू." हे मात्र मनापासून.

१६ डिसें.
सकाळी एकटीच रिंकवर गेली. गार होतं. कोणासाठी गेली माहीत नाही. परत आली तेव्हा बरं वाटत होतं.

१८ डिसें.
पल्लवी घरी आली. चहा घेतला नाही. उभ्यानंच बोलली.

"ऋतुजा माह्याशी भांडली. म्हणते, वेगात मी त्यांच्यापुढं गेली, पण शेवटी पक त्यांच्याकडं काहून राहते? तिले तुमच्या संगं खेळायचं आहे."

मी खुर्ची पुढे केली, ती बसली नाही.

"तुमाले घेईन, पण डिफेन्सच्या तिसऱ्या जोडीत. यावेळी कॅप्टन तुम्ही नाही. थोडा थोडा वेळच उतरवीन. आणि हिमाचलला गुडघा दुखला तर मी बाहेर बसवीन ताई. तिथं वाद नाही."

"वाद तर होईन."

तिला हसू आलं, आवरलं तिनं. मग एकदम डोळे भरले. "तुमाले काढताना मले झोप नव्हती लागली. पण पुन्हा वेळ आली तर पुन्हा काढीन."

"काढायलाच पायजे. मी पण सोडणार नाही. तू तुह्यं काम कर, मी माह्यं."

मग चहा घेतला. दोन कप.

११ जाने.
हिमाचल. बोटं वाकत नाहीत, अक्षर पाहा. बर्फावर पहिली प्रॅक्टिस. चाकांवर उडणारी ऋतुजा इथं उभी राहू शकेना. थांबायला गेली की घसरत फळीवर. दोनदा पडली, तिसऱ्यांदा बसूनच राहिली. म्हणाली, "ताई, मी घरी जातो." हात धरून उठवलं. दुपारभर तिला स्केट आडवे करून थांबणं शिकवलं. ती पडली की मी पण पडायची, आम्ही एकमेकींना धरूनच होतो.

१३ जाने.
पहिली मॅच. हार, ३-१. मी थोडाच वेळ बर्फावर, पण माझ्या वेळेत गोल झाला नाही. पल्लवीला हे ऐकवलं. म्हणाली, मोजत होते मी.

१४ जाने.
जिंकलो!! २-१. बर्फावरची आमची पहिली. मंजू गोलमध्ये भिंत. दुसरा गोल ऋतुजाचा. शेवटी समोरची एकटी सुटून आली, मी आडवी पडली आणि पक अंगावर घेतला. गुडघ्यावरच पडली. तेव्हा काही कळलं नाही. सगळ्या माझ्यावर येऊन पडल्या तेव्हा कळलं.

दिनेशला फोन. "कण्हून राहिली का?" "नाही." "मंग ठीक."

१५ जाने.
उठली तर गुडघा पावासारखा फुगलेला. वाकतो, पण पूर्ण नाही. मंजूनं पाहून तोंडावर हात ठेवला. म्हणाली, थंडीत सगळ्यांचं अंग आखडते, पल्लवीला तसं सांग.

जेवणाच्या आधी पल्लवी खोलीत आली. "ताई, खरं सांगा."

खरं सांगितलं. पायजमा वर करून दाखवला. तिनं हात लावून पाहिला, मी दात आवळले. मग उभी राहिली, दोन पायांवर बसून उठून दाखवलं. एकदा. दुसऱ्यांदा ती म्हणाली, "पुरे."

"आज हारलो तर घरी, जिंकलो तर पुढं. तुले डिफेन्सला कोण पायजे?"

"मले तुम्ही पुढच्या वर्षी पण पायजे, ताई."

मी पायजमा खाली ओढला.

ती बाहेर गेली. दार अर्धं उघडं. ऋतुजाशी बोलून राहिली आहे, ऐकू येत नाही. आज कोण उतरणार ती नावं अजून सांगितली नाहीत. मी गार्ड बांधले आहेत, जर्सी घातली आहे, काठी मांडीवर.