दुसऱ्या फेरीत न सापडलेले

"फाईल चालून राहिली ना? मग तिले हात काहून लावून राहिली वं?" मी आरोग्य पाहणीच्या संस्थेत नोकरीला लागले त्या वर्षी आमचे प्रमुख मुकुंद सर मला असं म्हणाले होते. तेव्हा मी हसले होते.

मी, दीपमाला नागसेन ढोके, वय सेहेचाळीस, राहणार नंदनवन, नागपूर, पुढच्या आठवड्यात खुब्याच्या ऑपरेशनसाठी भरती होत आहे. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेल्या बाईला भूल देण्यात धोका असतो, हे डॉक्टरांनी मला नीट समजावलं आहे. म्हणून कोणाच्याही दबावाशिवाय, पूर्ण शुद्धीत हे लिहून ठेवते. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

१. राहता फ्लॅट बहिणीची मुलगी मेघा हिला. गॅलरीतला कढीपत्ता उपटू नये. शेजारच्या सिंधूताई रोज पानं नेतात, त्यांना नेऊ द्यावीत.

२. बँकेतल्या ठेवी बहिणीला. माझं लग्न मोडलं तेव्हा "आजार लपवला" म्हणणाऱ्यांना माझ्या अंत्यविधीला बोलावू नये. मी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं.

३. संस्थेच्या संगणकावरच्या कमांड फायली मला कोणाला देता येत नाहीत, त्या संस्थेच्या आहेत, असं वकीलबाई म्हणाल्या. तरी त्यांच्याबद्दल लिहिते. खापा भागातल्या सिकलसेल रुग्णांची आम्ही दरवर्षी दोन फेऱ्यांत, घरोघरी जाऊन पाहणी करतो. संगणकाला द्यायचे हुकूम एकदाच लिहून ठेवलेले आहेत. नवी माहिती भरायची, तीच फाईल चालवायची, अहवाल तयार. त्यात सरांनी लिहिलेली एक ओळ आहे: दुसऱ्या फेरीत न सापडलेले रुग्ण गाळा. पहिल्या वर्षी ती बरोबरच होती. न सापडलेली माणसं वीटभट्टीवर कामाला गेली होती, नंतर परत आली. ओळ मात्र तशीच राहिली.

माझं माहेर खाप्याचं, रुग्ण म्हणून माझीही नोंद तिथेच आहे. यंदाच्या पाहणीत दुसऱ्या फेरीच्या वेळी मी दवाखान्यात होते. पुढे कच्च्या निकालात माझा क्रमांक शोधला, तो नव्हता. मग ती ओळ काढून फाईल पुन्हा चालवली. गाळलेली नावं मृत्यूच्या रजिस्टराशी ताडली, तर त्यांत वीटभट्टीवर गेलेलं कोणी नव्हतं. एक मी, बाकी सगळे वारलेले. त्यातली बरीच तर पोरंच.

सरांना दाखवलं. ते म्हणाले, "आता आकडे बदलले तर मागचे सारे अहवाल खोटे ठरतीन ना वं दीपा."

"मग मेलेल्यांना कुठे ठेवायचं, सर?"

"रजिस्टरात आहेत ना ते."

त्यांनी जुनी फाईल परत ठेवली. अहवालात मृत्यू दिसत नाहीत, म्हणून खाप्याचा आठवड्याचा सिकलसेल दवाखाना मार्चनंतर बंद करायचं चाललं आहे.

४. माझा लॅपटॉप सहकारी दुर्गेश याला. ओळ काढलेली फाईल त्यात आहे.

सही: दीपमाला ना. ढोके
साक्षीदार: अंकुश रामटेके, मुग्धा पाठराबे. दोघांनी मला सही करताना पाहिलं.
नागपूर, ९ जानेवारी २०२५

दुर्गेश, सहीखालचं कायदा धरत नाही, म्हणून हे इथे लिहिते; याची प्रत आणि ती फाईल आजच तुला देते आहे. मी रजेवर असताना फेब्रुवारीचा अंतिम अहवाल तू काढशील. तुझी नोकरी वर्षावर्षाच्या करारावर आहे आणि त्यावर सही सरांची लागते, हे मला कळतं. तू म्हणशील, "ताई, हे सोडून काहीही सांगा, मले नाही जमत." तुझ्या जागी मीही कदाचित तेच म्हटलं असतं. तरी मागते. मी वाचले किंवा न वाचले, या वेळी ती ओळ नसलेली फाईल चालव.