वाऱ्याचा घाट

९ डिसेंबर १९८३, शुक्रवार

शालन आज तीनदा पडली. विमानतळाच्या मागच्या मोकळ्या रस्त्यावर. तिसऱ्यांदा पडली ती उठेचना, तिथेच फतकल मारून हसत सुटली. "ताई, इंग्लंडला पोचायच्या आत मी आमच्याच वॉर्डात ॲडमिट होणार." गुडघा स्वतःच धुतला, पट्टीही स्वतःच बांधली. नर्स असल्याचा तेवढा फायदा.

जानेवारीत जायचंय तिला. तिकडच्या हॉस्पिटलचं पत्र आलंय. गाव डोंगरात, बस कमी, नर्सेस सायकलने ये-जा करतात. हिला सायकल येत नव्हती, म्हणून महिनाभर दर शुक्रवारी शिकवतेय. तिने भाड्याची घेतलीय, लेडीज. माझी ह्यांची.

मला ह्यांनी शिकवलं ते याच रस्त्यावर. बहारीनला, मुहर्रकला राहायला आलो त्या वर्षी. चाळिशी उलटलेली बाई, साडी खोचून. मागून कॅरिअर धरून पळायचे आणि सोडलं की सांगायचे नाहीत.

ती गेली की इथे माझं म्हणावं असं... असो. आज लिहीत नाही ते.

१२ डिसेंबर, सोमवार

भाऊजींचं पत्र आलं. मागची खोली रंगवून घेतलीय. "वहिनी, आता तिथे एकटीने राहून काय करायचं? मुलांनाही काकूची सोबत होईल. सामान थोडंच आणा. दादाची सायकल तिथेच कुणाला देऊन टाका." दीर चांगला माणूस. पत्रात बोट ठेवायला कुठे जागा नाही.

आणि आजच मी काम करते त्या बालवाडीच्या मॅडमनी कागद हातात दिला. आणखी दोन वर्षांचा करार. रविवारी शाळा उघडली की सही करून द्या नाहीतर नाही म्हणून सांगा, म्हणजे दुसरी बाई बघता येईल. सही नाही तर व्हिसा नाही. कागद इंग्रजीत. डिक्शनरी घेऊन बसले, दोन तास लागले, पण शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. आता कळलं नाही असंही म्हणायची सोय राहिली नाही.

शा. संध्याकाळी आली. दोन्ही वाचलं. पिशवीतून नकाशा काढून पलंगावर पसरला. "चला, बेट फिरून येऊ. तीन दिवस. तुम्हाला राष्ट्रीय दिनाची सुट्टी आहे, माझी रजा शिल्लक आहे. मला चढाची प्रॅक्टिस पाहिजे."

म्हटलं, या सपाट ताटात चढ कुठला? तिने बोट ठेवलं. बेटाच्या मधोमध एक टेकडी आहे. मला माहीत होती. ह्यांना तिथे सायकलने जायचं होतं. "पुढच्या थंडीत नक्की." दर थंडीत पुढच्या थंडीत.

१४ डिसेंबर, बुधवार. अवाली

शा.ची पँट घातली. अठ्ठेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. आरशात बघितलं नाही. शा. म्हणे, "दादांनी ओळखलं नसतं." म्हटलं, ओळखलं असतं. आणि आठ दिवस हसले असते.

आधी तुबलीला गेलो, ह्यांच्या गॅरेजवर. चेन ढिली होती. दोन वर्षांत पाऊल टाकलं नव्हतं तिथे. ह्यांना जाऊन फेब्रुवारीत दोन होतील. अब्बास अजून त्याच कोपऱ्यात काम करतो. बहारीनीच, पण हिंदी सगळं ह्यांच्याकडून शिकलेला, त्यामुळे थेट आमच्या रत्नागिरीचं हिंदी. "भाभी, बैठो भाभी. चाय पिवो." चेन आवळताना पाना निसटला, तर म्हणाला, "आयला!"

हेल तोच, ह्यांचा. "आय"वर जोर, मग जरा थांबून "ला". मी पाणी प्यायचं निमित्त करून बाहेर गेले.

परत आले तर त्याचा हात सीटवर. "भाभी, सीट बहुत ऊंचा. नीचे करूं?" म्हटलं, नको. त्याने परत विचारलं नाही. निघताना तेरा नंबरचा पाना फडक्यात गुंडाळून माझ्या पिशवीत टाकला. "रखो."

सीट ह्यांच्या उंचीची आहे. माझे चवडे जेमतेम पोचतात. थांबायचं झालं की उडी मारावी लागते. चालवतेच आहे की दोन वर्षं.

पुढे वारा मागून. शा. गाणी म्हणत होती. म्हणे, एवढं सोपं असतं होय! रात्री तिच्या मैत्रिणीकडे, मेरीकुट्टीच्या क्वार्टरवर. तीही नर्स, केरळची. मांड्या भरून आल्यात.

१५ डिसेंबर, गुरुवार. झल्लाक

मार्गशीर्षातला गुरुवार! नकाशा बघितला, वारा विचारला, पंक्चरचं सामान घेतलं, आणि वार कोणी बघितला नाही. मेरीकुट्टीने आप्पम वाढले तेव्हा दोघींच्या लक्षात आलं. लहानपणापासून दोघीही धरतो. मी पूजा मांडायचं सोडलंय, उपास नाही सोडला. शा. ताटाकडे बघत बसली. मी म्हणेन "आज सोडू या" म्हणून ती थांबली, ती म्हणेल म्हणून मी. शेवटी चहा आणि एकेक केळं. मेरीकुट्टी कपाळाला हात लावून बघत होती.

टेकडी. निम्मी चालवत, निम्मी ढकलत. दोन्ही बाजूंना तेलाचे पंप माना हलवतायत, मधून पाइप गेलेले. वर पोचलो तर अँटेना आणि वारा. शा.ने कमरेवर हात ठेवून चारी दिशांना बघितलं. "हा डोंगर? ताई, आमच्या आंबा घाटात याला स्पीडब्रेकर म्हणतील."

इथे रडू येईल असं वाटलं होतं. तयारीने रुमाल वर ठेवला होता. पण नुसती भूक लागली होती. एक खडा उचलून घेतला आणि खाली आलो. पुढच्या थंडीत येऊन गेलो म्हणायचं.

पश्चिमेला वळलो तसा वारा तोंडावर. उतार दिसतोय तरी पायडल मारावं लागतं. शा. म्हणे, "खरा घाट हा आहे, दिसत नाही एवढंच." तासाभराने तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले, रस्त्याकडेला बसलीच. मी तिच्या डोक्यावर पाणी थापत होते. नर्स ती, आणि नाडी मी बघतेय.

झल्लाकला उम्म खालिदकडे कसेबसे पोचलो. तिचं बाळंतपण शा.च्या हातचं, त्यामुळे घर हक्काचं. आल्या आल्या खजूर आणि कॉफी. शा. म्हणाली उपास आहे, आणि पाचवा खजूर तोंडात टाकला. उम्म खालिदने विचारलं, म्हणजे रोजा? हो. पाणी पितेस? हो. कॉफी? हो. खजूर, केळं? हो. तिने आतल्या सगळ्या बायकांना हाक मारून बोलावलं आणि परत पहिल्यापासून विचारलं. हसून हसून त्यांच्या ओढण्या सुटल्या. म्हणाली, असला रोजा तर मी बारा महिने धरीन.

१६ डिसेंबर, शुक्रवार. घरी

सकाळी निघताना उम्म खालिद गुलाबपाणी आणि धूप घेऊन आली. पाहुण्यांना निरोप देताना करतात तसं. आधी माझ्यापाशी आली, मी वयाने मोठी म्हणून. मी सवयीने मागे सरकले. इथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला मी आत कप विसळत असते, कोणी जा म्हणत नाही, मीच असते. तिने माझा हात ओढला, तळव्यावर गुलाबपाणी ओतलं, पदराखाली (पँटवर पदर कुठला, ओढणीच होती) धूप धरला. मग शा.ला. उम्म खालिदला त्यात काही विशेष नव्हतं. घरी येईपर्यंत हाताला वास होता.

नंतरचे तास वाईट. उत्तरेचा वारा सरळ छातीवर. डावीकडे समुद्र, लांबवर सौदीच्या पुलाचे खांब. राष्ट्रीय दिन, गावागावांत झेंडे. आपल्याकडेच फडफडत येतायत असं वाटत होतं. आणि शा. पुढे! महिनाभरापूर्वी सरळ चालवता येत नव्हती तिला. माझ्या गुडघ्यात कळा येत होत्या. एका वळणावर ती थांबलेली.

"ताई, सीट."

"माहितीये."

"दादांनी ती त्यांच्यासाठी लावली होती. तुमच्यासाठी नव्हती लावली."

मी पायडल मारत राहिले. मैलभर तरी. राग तिचा नव्हता. ती बिचारी उतरून माझ्या बाजूने चालत होती, सायकल ढकलत, वाऱ्यात डोळे बारीक करून.

बुदय्याच्या रस्त्याला खजुराच्या बागेची सावली आली तिथे मी थांबले. उडी मारून. पिशवीतून पाना काढला. बोल्ट गंजलेला, हलेना. शा.ने सायकल धरली, मी सगळा भार टाकला, पाना निसटला आणि बोटाची साल निघाली.

"आयला!"

माझ्याच तोंडून. शा. आधी घाबरली, मग मला हसू आलं ते बघून हसली, मग दोघींचं काय झालं ते लिहीत नाही.

सीट चार बोटं खाली घेतली. नळीवर एक गोल खूण होती, जिथपर्यंत ह्यांनी वर काढली होती तिथे. ती आत गेली. पुसली गेली नाही, आत गेली.

दोन्ही टाचा जमिनीला टेकल्या.

१७ डिसेंबर, शनिवार

उठवत नाही. जिना उतरले ती उलटी, शिडीवरून उतरतात तशी. शा. बाम घेऊन आली. मालीश करताना म्हणाली, "मी चढेन तिकडचे घाट. डोंगर निदान दिसतात तरी."

मग बामाची बाटली बंद केली. "काय ठरवलंत?"

विचारू नकोस म्हटलं.

"मी राहा म्हणणार नाही. मी स्वतः निघालेय, मी कोणत्या तोंडाने म्हणू." आणि बामाचा हात डोळ्याला लावला, मग अर्धा तास डोळे धूत बसली. नर्स!

ती गेल्यावर भाऊजींना पत्र लिहायला घेतलं. खोली रंगवलीत, फार बरं वाटलं. टेकडीवर गेले ते लिहिलं. पँटचं नाही लिहिलं. सायकलपर्यंत आले आणि थांबले. त्या घरी ह्यांचा फोटो आहे, हार आहे. ह्यांचं "आयला" कोणाला आठवत असेल का तिथे? भाऊजींना आठवत असेल. लहानपणी एकत्र शिव्या खाल्ल्यात दोघांनी त्यापायी. हे आजवर डोक्यात आलं नव्हतं.

१८ डिसेंबर, रविवार. सकाळी

सहा वाजलेत. कागद पिशवीत, आजच द्यायचा, सही केलेली नाही. भाऊजींचं पत्रही पिशवीत, अर्धं, पाकीट उघडं. पेन आहे.

बालवाडीला, उम्म अल हस्समला, रोज बसने जाते. आज सायकल काढली. खाली शेजारची बाई म्हणाली, "आज सायकल? बस मफी?" म्हटलं, बस आहे. सीटवर बसले, पाय टेकवून बघितले, दोन्ही टेकतात. टेकडीवरचा खडा सीटखालच्या पेटीत पान्याशेजारी ठेवला होता, खडखड वाजतो. वाजू दे. डबा विसरले म्हणून वर आले, तर आता हे चार शब्द.

वारा अजून उत्तरेचाच. जाताना मागून येईल. येताना समोरून, आणि तो किती लागतो ते आता माहीत आहे.

निघते.